फेयरसाहेबांचा पेला आणि आमच्या घरची भांडणं

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात इथले जुने राजे मल्हारराव गायकवाड महाराजांचं नाव निघालं की मी दुसऱ्या चहाचं आधण ठेवते. सासरे म्हणणार, फेयरसाहेबाला विष त्यांनीच घालायला लावलं. थोरले भाऊजी म्हणणार, सगळा गोऱ्या साहेबाचा कावा. दोघांनीही खटल्याची कागदपत्रं वाचलीत, हाच घोळ आहे. वाचली नसती तर सेव-उसळ येईपर्यंत विषय संपला असता.

गोष्ट 9 नोव्हेंबर 1874 ची. बडोद्यातले रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) निघाला आणि चकाकणारे कण हिऱ्याच्या पुडीचे म्हणून सांगितले गेले. जानेवारीत महाराजांना अटक झाली.

भाऊजींचा हुकमी मुद्दा असा: त्याच महिन्याच्या 2 तारखेला महाराजांनी ‘या फेयरना बडोद्यातून हलवा’ म्हणून व्हाइसरॉयकडे खलिता धाडला होता. ज्याची बदली मागितलीय त्याला विष कशाला घालतील? सासरे लगेच बडोद्याजवळच्या पाद्र्याची गोष्ट काढतात. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून मल्हारराव तिथे कैदेत होते ना!

मला सगळ्यात गंमत वाटते ती दामोदरपंतांची. महाराजांचे खाजगी कारभारी, माफीच्या बोलीवर साक्षीदार झाले. ‘माफीसाठी माणूस वाट्टेल ते बोलेल,’ भाऊजी म्हणतात. ‘अरे, आतलं आतल्या माणसाशिवाय कोण सांगणार?’ हे सासरे. साक्ष एकच, आणि दोघंही ती आपल्याच पारड्यात टाकतात. नवा पुरावा आणून दिला तरी असंच होणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चौकशी आयोगात सहा जण होते. तिघे इंग्रज म्हणाले, दोषी. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे यांना आरोप शाबीत झालेला दिसला नाही. तीन विरुद्ध तीन! मग सरकारने काय करावं? एप्रिल 1875 मध्ये महाराजांना पदच्युत केलं, पण जाहीरनाम्यात विषाचा आधार घेतलाच नाही. गैरवर्तन, अनागोंदी कारभार, नालायकी ही कारणं दिली. विष घातलं का, असं विचारून सहा जणांना बसवलं होतं आणि निकाल दिला राज्य नीट चालवता येत नाही याचा. हे मला फार चलाखीचं वाटतं, कारण दुसरी गोष्ट बव्हंशी खरीच होती. कारभाराची चौकशी विषप्रकरणाच्या आधीच होऊन गेली होती. खोटं बोलून कोणी वाद दाबला तर तो कधीतरी उघडा पडतो. पण दुसऱ्याच प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की पकडायचं कुठे? म्हणून पुण्याची सार्वजनिक सभा महाराजांच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा मुद्दा त्यांच्या कारभाराचा उरलाच नव्हता. संस्थानिकाचा न्याय करणारे तुम्ही कोण, हा होता.

आमच्या सासूबाई तर सरकारच्याही वरचढ. ऐन रंगात येऊन त्या म्हणतात, ‘मल्हारराव गेले नसते तर कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला असता का? सयाजीराव मिळाले असते का तुम्हाला?’ झालं, दोघंही गप्प. सयाजीरावांविरुद्ध बडोद्यात कोण बोलणार? पण विषाचं काय, ते राहिलंच.

विचारलंच तर माझं मत दिनकररावांच्या बाजूचं. त्यावर सासरे म्हणतात, ‘तू ग्वाल्हेरची, तू तुमच्या दिवाणाचीच री ओढणार.’ मी म्हणते, बाबा, तसं असतं तर मी आधी शिंद्यांचं नाव घेतलं असतं.