एल पासो–हुआरेस: आकड्यांमागची दोन शहरं

माझ्या प्रबंधात एल पासो आणि सिउदाद हुआरेसच्या रोजगाराचं मॉडेल आहे, आणि दोन वर्षं मी ते ही शहरं न बघताच चालवत होतो. मार्चमध्ये शेवटी चार दिवस जाऊन आलो. टेक्सासचं एल पासो पावणेसात लाखांचं, मेक्सिकोचं हुआरेस पंधरा लाखांचं. मधे काँक्रीटच्या पात्रात कोंबलेली रिओ ग्रांदे नदी.

सुरुवात एल पासोतल्या टेक्सास विद्यापीठापासून करा. इथल्या इमारती भूतानी धाटणीच्या आहेत, 1917 पासून! सीमाभागाचं आर्थिक मॉडेल चालवणारा इथला गट दरवर्षी दोन्ही शहरांचे अंदाज एकत्र काढतो. पुलांवरची वर्दळसुद्धा त्यात असते. त्याचं कारण मला एल पासो स्ट्रीटवर उमगलं. पुलाच्या तोंडाशी कपड्यांची दुकानं, पाट्या स्पॅनिशमध्ये, दर चार पावलांवर मेक्सिकन पेसोचा भाव लावलेला फळा. एक दुकानदारीण म्हणाली, "सकाळी आधी तो फळा बघते, मग शटर उघडते." 1982 आणि 1994 साली पेसो कोसळला, तेव्हा पलीकडून येणारं गिऱ्हाईक आटलं आणि ही गल्ली ओस पडली होती. मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 पर्यटक व्हिसावाल्यांना सीमा बंद होती, तेव्हा पुन्हा तेच. माझ्या समीकरणात विनिमय दर हा नुसता एक चल होता.

पलीकडे चालतच जा, पासो देल नॉर्ते पुलावरून. टोलसाठी सुट्टी नाणी हवीत. हुआरेसमध्ये तीनशेहून जास्त माकिला, म्हणजे निर्यातीसाठी जुळणी करणारे कारखाने आहेत. मजुरांना अमेरिकेत नेणारी ब्रासेरो योजना 1964 मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोनं या माकिलांचा कार्यक्रम काढला. संध्याकाळी पाळी सुटते तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी उभे राहा: अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस रांगेनं लागतात आणि बघता बघता भरतात.

आकडे घेताना माझी चूक करू नका. मेक्सिकोच्या सामाजिक विमा संस्थेच्या आकड्यांत फक्त विमा असलेले कामगार येतात. टपरीवाले, घरकाम करणाऱ्या बहुतेक बायका त्यात नाहीत. ते एल पासोच्या एकूण रोजगाराशेजारी तसेच ठेवले की गुणोत्तर चुकतं. दुसरं, 1 जानेवारी 2019 ला सीमापट्ट्यातलं रोजचं किमान वेतन 88.36 वरून 176.72 पेसो झालं आणि व्हॅट 16 वरून 8 टक्क्यांवर आला. आकड्यांची मालिका ही तारीख ओलांडत असेल तर डमी, म्हणजे तारखेआधी 0 आणि नंतर 1 असा चल, घ्याच.

भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश-दाखल्यावर, प्रवासाची सही आधीच घ्यावी, कारण खरी तपासणी परतताना होते. मी सोमवारी सकाळी सहाला परतीच्या रांगेत लागलो, ही दुसरी चूक. पुढे विद्यापीठाची एक मुलगी होती. रोज हुआरेसहून येते. आई माकिलात, दप्तर एल पासो स्ट्रीटवरचं. माझ्या फायलीत या एका घराचे तीन तुकडे तीन रकान्यांत पडतात. रांगेत दोन तास गेले.

हुआरेसच्याच राज्याची राजधानी असलेल्या चिहुआहुआ शहरात कुणाला भेटायचं असेल तर घड्याळ तपासा: हुआरेस एल पासोच्या वेळेनं चालतं, हिवाळ्यात चिहुआहुआ तासभर पुढे असतं. मी एक भेट त्यापायी चुकवली.