टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आणि दाट होत गेलेले रक्त

वयाच्या 44व्या वर्षी सततचा थकवा आणि कामेच्छेचा अभाव या तक्रारी घेऊन मी नागपुरातील एका दवाखान्यात गेलो, तेव्हा संध्याकाळी तपासलेल्या रक्ताच्या एकाच अहवालावरून मला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवण्यात आले. पुढे मूल हवे आहे का, हे मात्र कोणीही विचारले नाही. बाहेरून हे हार्मोन मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना संदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कित्येकदा बंदच पडते. हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा होता, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

मी इंजेक्शन न घेता रामदासपेठेतील एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे, गेलो. सकाळी या हार्मोनची पातळी सर्वाधिक असते, म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितले. पातळी 176 आणि 190 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे दोन्ही वेळा बरीच कमी आली. पिट्युटरी वृषणांना ज्यातून संदेश देते ते एलएच हे हार्मोन वाढलेले होते, म्हणजे दोष पिट्युटरीत नसून वृषणांतच होता. सतराव्या वर्षी गालगुंड झाले असताना अंडकोषाला सूज आली होती, हे मी तेव्हा प्रथमच कोणाला सांगितले. आम्हाला एक मुलगी आहे आणि आणखी मूल नको, हे पत्नीशी बोलून ठरवल्यावर आणि प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी केल्यावरच उपचार सुरू झाले.

दर तीन आठवड्यांनी कंबरेत 250 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट, तेही तेलातील असल्याने सिस्टर सावकाश देत. पहिले काही दिवस उत्साह, थोडी चिडचिड, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गळून जाणे, असा चढउतार चाले.

सहाव्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, 55 टक्के आले; टेस्टोस्टेरॉनमुळे या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यानेही रक्त दाट दिसू शकते, म्हणून भरपूर पाणी पिऊन आठवड्याने पुन्हा तपासणी केली, तरीही आकडा 54च्या वरच होता. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले, कारण रक्त इतके दाट असताना गुठळीचा धोका वाढतो. झोपेत श्वास अडकल्यानेही रक्त दाट होऊ शकते, म्हणून त्याचीही त्यांनी चौकशी केली. आकडा 48वर आल्यानंतर दर दहा दिवसांनी 100 मिलिग्रॅम ठरले. तिसऱ्या आठवड्यातील गळाठा आता येत नाही, आणि हिमॅटोक्रिटची तारीख मी इंजेक्शनच्या तारखेशेजारीच लिहून ठेवतो.