सही आईची

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि मी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. तळाशी सातवीचं प्रगतिपुस्तक निघालं.

वडील मुंबईला गिरणीत. गावी येणार गणपतीला, नाहीतर मे महिन्यात. सहामाहीनंतर "वडिलांची सही आणा" म्हटलं की माझी पंचाईत ठरलेली. सातवीच्या वर्गशिक्षकांनी एकदा विचारलं, "घरी अभ्यासाला कोण बसवतं?" म्हटलं, आई. "मग तिचीच सही आण." आईला अक्षरओळख नव्हती. आठ दिवस पाटीवर गिरवून तिनं आपल्या नावाची तीन अक्षरं काढली. तिसरं जरा रेघेखाली घसरलंय.

पुढे वकील झाले. तालुक्याच्या कोर्टात पोटगीच्या अर्जांचाच ढीग. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला जास्तीत जास्त पाचशे रुपये मिळत. ती मर्यादा थेट २००१ मध्ये उठली. पाचशेतले वकिलाने किती घ्यायचे, हा प्रश्न मला कधी सुटला नाही. बऱ्याच बायका फीऐवजी तांदूळ, शेंगा आणून देत आणि मी निमूट घेत असे.

१९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली. पुण्या-मुंबईत ती १९८९ मध्ये सुरू झाली. सात वर्षं वकिली केलेल्यालाही तिथे न्यायाधीश होता येतं आणि नेमणुकीत स्त्रियांना प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. त्या वाटेने मी खुर्चीवर गेले. तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. नवराबायको समोर उभे राहून स्वतःच बोलतात. आयुष्यभर वकिली केलेल्या माझ्यासारखीला पहिले सहा महिने ते ऐकताना जीभ आवरणं फार जड गेलं.

मूल कुणाकडे राहायचं, अशा ताब्याच्या प्रकरणात मी त्याचं प्रगतिपुस्तक मागवत असे. गुण बघायला नव्हे, सही कुणाची ते बघायला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक वडील, 'त्यांच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ मोकळा केला. वडील हयात असले तरी लक्ष घालत नसतील, तर आई पालक ठरू शकते. वादाचं मूळ काय, तर मुलाच्या नावाने रोख्यांचा अर्ज भरला होता आणि पालक म्हणून आईची सही रिझर्व्ह बँकेला चालत नव्हती. निकाल वाचला त्या दिवशी मला बँक दिसेना, सातवीचा वर्ग दिसत राहिला.

एक प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. चौथीतला मुलगा. दोघंही शपथेवर सांगत होते, अभ्यास मीच घेतो, मीच घेते. पुस्तकात पहिल्या चाचणीला वडिलांची सही, दुसरीला आईची, पुन्हा वडिलांची. असा नेमका पाळीपाळीने संसार चालवणारं जोडपं माझ्याकडे कशाला येईल? मुलाला एकट्याला चेंबरमध्ये बोलावलं. बिस्किट पुढे केलं. तो म्हणाला, "दोघांच्या मीच करतो. कुणाला वाईट वाटायला नको."

मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशीचं बाकीचं बोर्ड, म्हणजे उरलेली प्रकरणं, पुढच्या तारखेला ढकललं. निकाल काय दिला ते इथे लिहीत नाही. तो मुलगा आता कर्ता झाला असेल.

बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. आता गावीच असते, कुणी कागद घेऊन आलं तर ओसरीवर बसून वाचून देते.

सोबत सातवीच्या प्रगतिपुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवत आहे. जागा कमी पडली तर वरचा गुणांचा रकाना खुशाल कापा, गणितात ३८ आहेत. खालची सही तेवढी पूर्ण येऊ द्या.