पाणी आलं की

चाळीच्या खोलीची किल्ली शुक्रवारी दिली आणि रविवारी सकाळी साडेआठला आईला घेऊन भाऊच्या धक्क्यावर पोचलो. लालबागची आमची दहा बाय बाराची खोली पुनर्विकासात गेली. नवी इमारत होईपर्यंत आई उरणला मावशीकडे, मी डोंबिवलीत भाड्याने. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. म्हणजे पाच धरा.

उरणला जायला आता अटल सेतू आहे, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला, २१.८ किलोमीटर लांब. लोकलही उरणपर्यंत जाते. पण आईला लाँचच हवी होती. "तुला आठ महिन्यांचा घेऊन लाँचनेच गेले होते मी," एवढंच तिचं म्हणणं. ते साल १९८२. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि घरात येणारा पगार थांबला. महिन्याभरात मिटेल म्हणून दोन लुगडी घेऊन निघालेली आई सव्वा वर्षाने परतली. संप तर रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही.

धक्क्यावर मासळीचा वास अंगावर येतो. त्यात संकष्टी. आईने नाकाला पदर लावला. दुसऱ्या हातात तुळस, डालडाच्या जुन्या डब्यातली. बाकी सामान टेम्पोने गेलं, तुळस मात्र तिने कोणाच्या हाती दिली नाही.

लाँच उरणच्या मोरा बंदराला लागते. खिडकीवर विचारलं, "मोऱ्याची लाँच कधी सुटेल?"

"पाणी आलं की."

समोर एवढा समुद्र, आणि पाणी नाही! मोरा बंदरात गाळ साचलाय, पूर्ण ओहोटीला लाँच तिथे लागतच नाही. बाकड्यावर बसलेल्या कोळी आजोबांनी माझी चुळबुळ पाहिली. "आज चतुर्थी ना? तिथीची पाऊणपट करायची. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला सुकती. अकराच्या पुढे बघा." मी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. वीसेक मिनिटांचा फरक. आजोबांना तो सांगितला तर ते हसले, "मंग उशीर झाला तर मोबाईलला विचारा."

दोन तास काढायचे होते. मी करारनामा चौथ्यांदा वाचायला घेतला. 'अपरिहार्य कारणास्तव विलंब झाल्यास' या कलमावर प्रत्येक वेळी अडतो. अपरिहार्य कशाला म्हणायचं ते लिहिलेलंच नाही. आई शेंगदाण्याचा लाडू खात शेजारच्या बाईला तिच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल विचारत होती.

सव्वाअकराला हाक आली. पाणी अजून खालीच, त्यामुळे पायऱ्या शेवाळलेल्या, आणि लाँच टायरांवर घासत वरखाली होणारी. मधे हातभर फट. खलाशी पोरगा म्हणाला, "आजी, डबा द्या इकडे."

"नको. मी येते तशीच."

"दोन्ही हात मोकळे करा. मग धरतो तुम्हाला."

मी मागून तिची कोपरं धरून उभा. लाँच दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. आईने डब्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, आणि डबा पुढे केला. त्याने तो एका हाताने घेतला, मागे न बघताच कोणाकडे तरी सरकवला आणि आईला दंडाला धरून आत ओढलं. डबा चार अनोळखी हातांतून फिरत पुढच्या बाकावर गेला. आई बसेपर्यंत मान उंचावून तोच बघत होती. मग तिने तिकडे बघणंही सोडलं, खिडकीतून मुंबई पाहायला लागली.

डावीकडे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, त्यामागे घारापुरी. उत्तरेला धुरकटात सेतूची रेघ. मी म्हटलं, "आपण त्यावरून गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो." आई म्हणाली, "पोचून करायचंय काय? उपास आहे, चंद्र रात्रीच उगवणार."

तासाभराने मोरा. धक्क्यावर उतरताना तुळशीचा डबा मागून आपसूक आला, कोणी दिला कळलंही नाही. थोडी माती सांडली होती, दोन मंजिऱ्या मोडल्या होत्या. आईने त्या उचलून पदराच्या टोकाला बांधल्या.

मावशी रिक्षा घेऊन उभी होती. पहिलाच प्रश्न, "घर कधी देणार म्हणतायत?"

मी खिशातून मोबाईल काढला, करारनामा उघडायला. आई रिक्षात बसत म्हणाली, "त्याला आधी अंघोळीला पाणी काढ. मासळीचा वास मारतोय नुसता."