लेकीचं कॉलेज बंद पडलं तेव्हा

आमच्या गावापासून १७ किलोमीटरवर इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं. सकाळी साडेसातची एसटी गावातूनच निघायची आणि संध्याकाळी तीच गाडी लेकीला परत आणून सोडायची. डबा घरचा. एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा. फी सोडली तर तिच्या शिक्षणाचा महिन्याचा खर्च म्हणजे हा पास आणि झेरॉक्स. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

मी अंगणवाडी सेविका आहे. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पश्चिम विदर्भात राहतो. कोविडमुळे लांबलेल्या प्रवेशांच्या त्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, तिला इलेक्ट्रिकलला जागा मिळाली. पर्यायांच्या यादीत पुण्याची कॉलेजं टाकता आली असती. आम्ही टाकली नाहीत. "घरून जाऊन येता आलं तर शिक, नाहीतर बी.एस्सी. कर," असं तिच्या बाबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. मला ते बोलणं लागलं होतं, पण खोलीभाडं आणि मेसचा आकडा मांडून पाहिल्यावर मीही गप्प बसले.

वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि पुढच्या काळात ती तालुक्यांपर्यंत पोचली. अशा कॉलेजांबद्दल तक्रार करण्यासारखं खूप आहे. तरी आमच्या घरातली मुलगी इंजिनिअरिंगच्या वर्गात बसली ती त्या १७ किलोमीटरमुळे.

दुसऱ्या वर्षात लक्षणं दिसायला लागली. ६० जागांच्या वर्गात हे १४ जण होते, खालच्या वर्गात सहा. मशीन लॅबला कुलूप लागलं, कारण ती लॅब बघणारे सर पगार थकले म्हणून सोडून गेले होते. उरलेले दोन सर सगळे विषय शिकवत. त्यांचेही पगार महिनोन्‌महिने झालेले नव्हते, तरी त्यांनी पोरांचा एक तास बुडवला नाही. त्यांची मला आजही आठवण येते. शिक्षकभरती रखडली तेव्हा आमच्या भागातली डी.एड. विद्यालयं याच क्रमानं गेली होती. आधी मुलं कमी, मग शिक्षक कमी, मग फाटकाला कुलूप. मला ते दिसत होतं. पण पोरीची दोनच वर्षं राहिली आहेत, तेवढं निभेल, अशी मनाची समजूत घालत होते.

जून २०२३ मध्ये एके दिवशी ती आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आई, आमचं कॉलेज बंद होऊन राहिलं म्हणतात."

चार दिवसांनी पालकांची बैठक झाली. संस्थेच्या माणसानं सांगितलं, काळजी करू नका, मुलांना दुसरीकडे बसवून देतो, फक्त हा फॉर्म भरून सही करा. छापील फॉर्म होता. त्यात ओळ होती: "मी वैयक्तिक कारणास्तव माझा प्रवेश रद्द करीत आहे." पुष्कळ पालकांनी पेन काढलेही होते. मला रजिस्टरवर सही करायच्या आधी वाचायची सवय आहे. मी म्हटलं, घरी नेते, वाचते, उद्या देते. लेकीच्या मैत्रिणींनाही खुणेनं थांबायला सांगितलं. त्या एका दिवसानं पुढचं सगळं वाचवलं, असं मला खरोखर वाटतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात गेले. तिथल्या एका क्लार्कनं मला खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. कॉलेज बंद होण्याचे दोन प्रकार असतात. टप्प्याटप्प्यानं बंद होत असेल तर पहिल्या वर्षाचे नवे प्रवेश थांबतात आणि आत असलेली मुलं तिथूनच पदवी पूर्ण करतात. पूर्ण बंद होत असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी लागते, आणि असलेल्या मुलांचं दुसऱ्या कॉलेजांत समायोजन करावं लागतं. आमचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. "ताई," ते म्हणाले, "वैयक्तिक कारण लिहून दिलं तर पोरगी स्वतःहून सोडून गेली असा अर्थ होतो. मग समायोजन कोणाचं करायचं? शिष्यवृत्तीलाही अडचण येते. 'महाविद्यालय बंद होत असल्याने समायोजन व्हावे' एवढंच लिहा."

समायोजन हा शब्द मी त्या दिवसापर्यंत फक्त शिक्षकांच्या बाबतीत ऐकला होता. त्या एका शब्दानं जबाबदारी आमच्यावरून उचलून जिथं असायला हवी तिथं ठेवली.

आम्ही चौदाही घरांचा मिळून एक अर्ज केला. प्रती संचालनालयाचं विभागीय कार्यालय, विद्यापीठ आणि कॉलेज अशा तिन्ही ठिकाणी दिल्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं, हे मी माझ्याच नोकरीत शिकले आहे. कॉलेजात शिक्का द्यायला टाळाटाळ झाली. मी बाकावर बसून राहिले. दुपारी दोनला शिक्का मिळाला.

मग मूळ कागदपत्रं. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं ठेवून घेतला होता. आता म्हणाले, आधी २१,५०० रुपये थकबाकी भरा, मग नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मग कागद. ही थकबाकी म्हणजे महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून यायचा हप्ता होता. आम्ही इतर मागास प्रवर्गातले. शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासनाकडून यायची, ती अजून आली नव्हती. माझ्याकडे त्या महिन्यात एवढे पैसे नव्हते, आणि असते तरी मी भरले नसते. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत, असं परिषदेच्या नियमांतच आहे. लेकीनं ते पान काढलं, त्याची प्रिंट अर्जाला जोडली, आणि शिष्यवृत्ती जमा होताच रक्कम देऊ असं हमीपत्र दिलं. नऊ दिवसांनी कागद हातात आले. दाखल्यावर 'सोडण्याचे कारण' या रकान्यात 'महाविद्यालय बंद झाल्यामुळे' असं लिहून घेतलं. क्लार्क आधी 'विनंतीवरून' लिहीत होता.

आता कॉलेज निवडायचं. तीन नावं समोर आली. सगळ्यात चांगलं जे होतं ते स्वायत्त होतं, म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम वेगळा. तिथं गेली असती तर आधीच्या दोन वर्षांचे विषय जुळवून बघावे लागले असते आणि जे जुळणार नाहीत ते तिसऱ्या वर्षाच्या जोडीला पुन्हा द्यावे लागले असते. म्हणून आम्ही त्याच विद्यापीठाशी संलग्न कॉलेज घेतलं. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, तोच राहिला, विद्यापीठ बदलताना लागतो तो मायग्रेशनचा दाखला लागला नाही, चार सत्रांचे गुण जसेच्या तसे पुढे चालले. जिला त्या चांगल्या कॉलेजात जायचं होतं ती माझी लेक दोन दिवस बोलली नाही. मला ते कळत होतं.

नवं कॉलेज ९५ किलोमीटरवर, शहरात.

खर्चाचं मी वहीत लिहिलेलं आहे. विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि प्रत्येक कॉलेजची वेगळी. जुन्या ठिकाणी वर्षाला ६८,००० होती, नव्या ठिकाणी ९४,०००. त्यातल्या शिक्षण शुल्काला निम्मी सवलत होती, विकास शुल्काला नव्हती. पण फीचं मी कसंतरी समजून घेतलं. खरा घाव दुसरीकडे होता. चौघींच्या खोलीत एका कॉटचे महिना २,४००. मेस २,८००. जाणं-येणं, रिचार्ज, दवाखाना धरून महिना सहा हजारांच्या वर. माझं मानधन तेव्हा १०,००० रुपये होतं. म्हणजे ज्या मुलीच्या शिक्षणाला काल एसटीचा पास पुरत होता, तिच्या त्याच शिक्षणाला आज माझ्या मानधनातला अर्ध्याहून जास्त वाटा लागणार होता. विषय तेच, विद्यापीठ तेच, परीक्षाही तीच. फक्त जवळचं दार बंद झालं होतं.

लोक म्हणतात, बरं झालं ती दुकानं बंद झाली, दर्जा तरी कुठं होता? दर्जा कमी होता, हे मी लॅबच्या कुलपासकट सांगितलंच आहे. पण दर्जा वाढवणं आणि दार बंद करणं एकच नाही. उच्च शिक्षण महाग झालं म्हणताना सगळे फीचा आकडा सांगतात. आमच्याकडे ते महाग झालं अंतरामुळे, आणि हे अंतर कोणत्याही शुल्काच्या आदेशात लिहिलेलं नसतं.

शेवटी शैक्षणिक कर्ज काढलं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की चालतं. फी सोडून वसतिगृह आणि जेवणाचा खर्चही या कर्जात धरता येतो, हे मला माहीत नव्हतं आणि कित्येक पालकांना माहीत नसतं. तसा स्वतंत्र तक्ता करून अर्जासोबत जोडावा लागतो. अडचण अशी आली की बँकेला नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र हवं होतं आणि नवं कॉलेज पहिला हप्ता भरल्याशिवाय प्रवेशपत्र देईना. दोन आठवडे ही ये-जा चालली. शेवटी समायोजनाच्या आदेशाची प्रत लावून नव्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटले. त्यांनी तात्पुरतं पत्र दिलं, त्यावर मंजुरी झाली. १,८०,००० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र शासन भरतं, पण त्यासाठी कॉलेजला नॅकचं मानांकन किंवा त्या शाखेला एनबीएची मान्यता असावी लागते. पहिली संस्था सगळ्या कॉलेजचा दर्जा तपासते, दुसरी एकेका तांत्रिक शाखेचा. आमच्या नव्या कॉलेजला नॅक होतं. कॉलेज निवडताना हे मी विचारलं नव्हतं, नशिबानं जमलं. तुम्ही आधी विचारा.

ते वर्ष फार जड गेलं. डिसेंबर २०२३ पासून आम्हा अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप होता, जानेवारी अखेरपर्यंत चालला. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० आणि फेब्रुवारीत बाजारात दर त्याच्याही खाली. आम्ही घरात ठेवलेली २२ पोती त्याच भावात काढली, कारण पाचव्या सत्राच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले होते. तिच्या बाबांनी मापाची पावती आणून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "तिला सांगू नको." मी सांगितलं नाही. आता हे वाचून तिला कळेल.

८ जुलै २०२४ ला शासन निर्णय आला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी, आणि आधीपासून शिकत असलेल्यांनाही लागू. इथं पुन्हा तो 'समायोजन' शब्द कामाला आला. महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज नव्या कॉलेजच्या नावानं भरताना, ही मुलगी मुळात कॅपमधून आली आहे का, असा प्रश्न निघाला. आम्ही २०२१ चं वाटपपत्र आणि समायोजनाचा आदेश दोन्ही लावले. अर्ज मंजूर झाला. वैयक्तिक कारणाच्या फॉर्मवर सही केली असती तर इथं काय दाखवलं असतं, याचा विचार करूनही घाबरायला होतं.

हा निर्णय मोठा आहे आणि मी तो मनापासून मानते. शेवटच्या वर्षाची फी गेली. कॉट आणि मेस राहिली.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती पास झाली, पहिल्या श्रेणीत. सध्या एका सौर पंपाच्या ठेकेदाराकडे काम करते, पगार १६,००० आहे आणि कर्जाचा हप्ता पुढच्या वर्षी सुरू होईल. जुन्या कॉलेजकडून ५,००० रुपये अनामत अजून यायची आहे. तिसरा अर्ज मागच्या महिन्यात दिला, आवक क्रमांक घेऊन.

तिच्या वर्गातल्या चौदापैकी अकरा जणांचं समायोजन झालं. तिघांनी सोडलं. त्यातली एक शेजारच्या गावची, माझ्या लेकीपेक्षा नेहमी चार मार्क जास्त घेणारी. ९५ किलोमीटर म्हटल्यावर तिच्या घरचे थांबले. तिच्याकडे चार सत्रांच्या पास झालेल्या गुणपत्रिका आहेत आणि दोन वर्षांपासून ती घरी आहे. मागच्या रविवारी ती आईला घेऊन आमच्याकडे आली. मी माझी फाइल काढली, समायोजनाच्या आदेशात तिचंही नाव आहे ते दाखवलं. तिनं बोटानं आपलं नाव दोनदा वाचलं. मंगळवारी आम्ही तिघी विद्यापीठात जाणार आहोत, खंडानंतर तिसऱ्या वर्षाला बसण्याची परवानगी मागायला. अर्ज मी लिहून ठेवला आहे, तीन प्रतींत.