कोकणकडा: सूर्य बुडाल्यावर पाठ फिरवू नका

डिसेंबरच्या सुरुवातीला पायथ्याच्या पाचनई गावाहून हरिश्चंद्रगड चढलो. रमतगमत अडीच तास लागले. केदारेश्वराच्या गुहेत पाय रेंगाळतोच, पण गडावरच्या देवळापासून कोकणकड्यापर्यंत अजून वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. ती धरून साडेचारला कड्यावर पोचाच.

एवढ्या लवकर कशाला? कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि अर्धवर्तुळात आत ओढलेला आहे. ऊन कललं की थेट त्या भिंतीवर पडतं आणि काळा कातळ तांबूस होऊ लागतो. त्या वेळी सगळ्यांचे फोन सूर्याकडे असतात. माझेही दोन हिवाळे असेच गेले. हाती काय आलं, तर केशरी आकाश आणि मोहरीएवढा सूर्य. तो फोटो कुठल्याही गच्चीवरून निघाला असता. यंदा ठरवलं, आधी कडा, मग सूर्य.

डिसेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेला बुडत नाही. हात लांब करून वीत धरा, साधारण तेवढा डावीकडे बुडतो. म्हणून मी कड्याच्या उजव्या टोकाकडे बसलो. तिथून कड्याची कमान डावीकडून आत येते आणि नजर आपोआप सूर्याकडे जाते. मार्चअखेर सूर्य जवळजवळ सरळ समोर येतो, तेव्हा मधली जागाही चालते.

घड्याळापेक्षा बोटं कामाला आली. लांब केलेल्या हाताची चार बोटं सूर्य आणि क्षितिजात मावली की अर्धा तास उरला समजा. मात्र हिवाळ्यात कोकणावर धुरकट असतं. अ‍ॅपमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमाराचा होता, पण बिंब त्याआधीच सात-आठ मिनिटं राखाडी थरात विरघळलं. शेवटच्या क्षणासाठी फोटो राखून ठेवू नका.

फोनवर सूर्याशेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाची पातळी) लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. कॅमेरा असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर ठेवा. ‘ऑटो’वर केशरी रंग फिका पडतो.

बिंब गेलं आणि लोक उठले. खरा रंग मात्र पंधरा मिनिटांनी चढला: खाली निळसर दऱ्या, त्यावर गुलाबी पट्टा, त्याच्याही वर जांभळं. सूर्यास्तानंतर पंचवीसेक मिनिटं हलू नका. उजेड कमी असल्याने ट्रायपॉड लागतोच. दरीतून वर येणारा वारा जोरकस असतो, म्हणून ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवा आणि मधल्या दांड्याला सॅक अडकवा. काठाशी उभं राहून फोटो अजिबात नको. पालथं झोपून पुढे सरका, मागून कुणीतरी पाय धरू दे.

अंधारात परतायला टॉर्च खिशात हवा. आणि तंबूवाल्यांना पिठलं-भाकरी सातनंतरची सांगा. आम्ही सव्वासहाची सांगितली होती, आणि आकाश जांभळं होत असतानाच जेवायला हाक आली.