फुल तिकीट

"फुल कोण?" कंडक्टरने विचारलं आणि वर्गात उभं केल्यासारखा मी हात वर केला.

आमच्या पाच जणांत फुल मी एकटाच. बायकोला महिला सन्मान योजनेचं अर्धं, दोन्ही पोरं बाराच्या आतली म्हणून त्यांचं अर्धं-अर्धं, आणि आईचं काहीच नाही. पाच माणसांची मिळून अडीच तिकिटं. कंडक्टरने आईचं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मशीनचं बटण दाबलं आणि शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातात ठेवलं. आईने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि बटव्यात सारलं. शेजारची बाई म्हणाली, "आजी, फुकटचंच तर आहे, जपताय काय एवढं?" आई म्हणाली, "अहो, महिनाभर थांबलेय मी त्याच्यासाठी."

महिनाभर आम्ही सगळेच थांबलो होतो.

झालं असं की, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट होतंच. आईचा जन्म माघातला, ऐन थंडीतला. पण आधार कार्डावर तारीख आहे १ जून १९४८. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच येतो. पोराला शाळेत घालायला गेलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो आढ्याकडे बघायचा, मग मास्तरच जूनची पहिली लिहून मोकळे व्हायचे. २०२३ च्या माघात आम्ही आईला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, पुरणपोळी झाली, सोसायटीतल्या बायका येऊन गेल्या; पण एसटीच्या लेखी ती अजून चौऱ्याहत्तरचीच होती. त्यात १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं, म्हणजे सूनसुद्धा सासूच्या बरोबरीला आली. मे महिन्याच्या सुट्टीत संगमेश्वरकडे गावी जायचं ठरत होतं, तर आई म्हणाली, "एक तारखेनंतर जाऊ."

"आई, अगं अर्ध्या तिकिटाचा तर प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी. अर्ध्या तिकिटासाठी एवढी घाई कशाला?"

यावर काय बोलणार? ते अर्धं तिकीट वाचवायला पोरांचा मे महिना डोंबिवलीत गेला. महिनाभर पोरं घरात म्हणजे काय ते ज्याच्या घरात पोरं आहेत त्याला विचारा. दर दोन दिवसांनी 'बाबा, कंटाळा आला.' एकदा मॉलमधला गेम झोन झाला. तिथे कार्डात पैसे भरावे लागतात आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते संपवायला आणखी थोडे भरावे लागतात. पिझ्झा झाला, सिनेमा झाला. सिनेमाला पर्समधून नेलेले चिवड्याचे पुडे दारावर पकडले गेले, आणि मग आत पॉपकॉर्न घ्यावं लागलं. त्या एका टबाच्या पैशांत आई संगमेश्वरला जाऊन आली असती. ते मी बोललो नाही. हिशेबाच्या बाबतीत आमच्या घरात आईपुढे कोणी बोलत नाही, कारण तिच्याकडे लेखी पुरावा असतो.

आईची जमाखर्चाची वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची. वाणी, दूध, भाडं, फी, दवाखाना असे रकाने आणि शेवटचा रकाना 'चैन'. आमच्या लहानपणी या रकान्यात महिन्याला तीन-चार नोंदी. 'रस – २ फुल, ३ हाफ.' 'राणीची बाग, शेंगदाणे धरून.' 'पॉटाचं भाडं.' एवढी छोटी चैन लिहून ठेवायची गरज काय, असं मला वाटायचं. आता वाटतं, लिहून ठेवल्यामुळेच तर ती एवढी आठवते.

त्या रसाची गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात स्टेशनजवळ घुंगरं वाजवणारी रसवंती होती. आम्ही घरचे पाच; आई, बाबा, मी आणि दोघी बहिणी. दोन फुल, तीन हाफ हा हिशेब कायमचा. आई ऑर्डर देताना म्हणायची, "बर्फ नको, पोरांना खोकला आहे." खोकला कुणालाच नसायचा. बर्फाने गिलास भरतो आणि रस कमी येतो, हा खरा मुद्दा. मग रसवाला आलं-लिंबू पिळून गिलास पुढे सरकवायचा. आई एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "भाऊ, जरा वर घाला." तोही घालायचा. त्या काळी वर घालण्याची एक रीतच होती. भाजीवर कोथिंबीर, दुधावर मापाबाहेरची धार, भेळेवर मूठभर शेव. आता ॲपवर मागवलेल्या भाजीवर वर काय घालणार आणि कोणाला सांगणार?

यातला एक फुल बाबांचा. पण बाबा तो घ्यायचे नाहीत. "माझा घसा धरतो, तुम्ही वाटून घ्या," म्हणायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे. आम्हा भावंडांना बाबांबद्दल फार भरून यायचं. फुल गिलासाचे पैसे देऊन स्वतः कोरडा राहणारा बाप! मी तर चौथीत 'माझे बाबा' या निबंधात तो घसा घातला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. पुढे मी कॉलेजात असताना एकदा रद्दी काढताना जुन्या वह्या चाळत बसलो, तर चैनीच्या रकान्यात आईच्या अक्षरात वेगळीच नोंद: 'ह्यांचा घसा – १ मिसळ, २ पाव.' दर रसाच्या खाली. एप्रिल-मे भर. आईला विचारलं तर हसून म्हणाली, "रसवंतीच्या पलीकडच्या गल्लीत हॉटेल होतं. शर्टावर तर्रीचा डाग कोण धुतं या घरात? तुम्हाला कळलं असतं तर तुम्हीपण मागितली असतीत. मिसळीला हाफ नसतो."

तर असं हे सगळं काटकसरीचं घर. पण मजा बघा, त्या वह्यांमध्ये वाचलेले पैसे कुठेच लिहिलेले नाहीत. पॉट आइस्क्रीमचंच घ्या. विकतच्या कपापेक्षा घरी केलेलं स्वस्त, हा चाळीतल्या सगळ्या बायकांचा पक्का समज. मे महिन्यातला एक रविवार ठरायचा. कोणी दूध आणायचं, कोणी साखर, कोणी आंबे, कोणी खडेमीठ. बर्फाच्या कारखान्यातून भुसा लावलेली लादी गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर यायची, आणि घरी पोचेपर्यंत तिचा चौथा हिस्सा रस्त्याला पाजलेला असायचा. लाकडी बादली, मधे पितळी डबा, वर हँडल. डब्याभोवती बर्फ आणि मिठाचे थर. बर्फावर मीठ पडलं की तो शून्याच्या खाली उतरूनही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो, म्हणून दूध गोठतं. नुसत्या बर्फाने साखरेचं दूध गार होईल, पण गोठणार नाही. हे मला दहावीला कळलं. त्याआधी आमची समजूत होती की आइस्क्रीम होतं ते हँडल फिरवल्यामुळे, आणि जो जास्त फिरवेल त्याला जास्त मिळतं. ही समजूत कोणीही मोठ्यांनी दुरुस्त केली नाही.

सुरुवातीला हँडल हलकं असायचं, तेव्हा पोरांची रांग. मग जड व्हायला लागलं की पोरं गायब आणि शेजारचे काका बनियनवर हजर. शेवटी बादली जागेवरून हलू नये म्हणून एक जण वर गोणपाट टाकून बसायचा आणि दुसरा फिरवायचा. एका वर्षी झाकण नीट बसलं नाही आणि खारं पाणी आत शिरलं. चाळीस वाट्या खारट आइस्क्रीम. कोणीही एक वाटी टाकली नाही. पैसे पडले होते ना. एकेका वाटीची किंमत काढली असती, तर दूध, आंबे, बर्फ, पॉटाचं भाडं आणि चार माणसांचे दुखरे दंड धरून ते विकतच्या दुप्पट पडलं असतं असा माझा अंदाज आहे. पण तसा हिशेब काढायला कोणी बसलं नाही, आईसुद्धा नाही.

आता या सगळ्याला अनुभव म्हणतात आणि अनुभवाला माणशी दर असतो. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ऑफिसातल्या मंडळींबरोबर आम्ही हुरडा पार्टीला गेलो. आईलाही नेलं. आगटी छान होती, गोवऱ्यांवर भाजलेली कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ. खाण्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पण दरपत्रकात बैलगाडीची फेरी धरलेली होती. आई त्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिली. "बसायचे पैसे घेतात?" तिने विचारलं. "आम्ही तर उतरवण्याचे दिले असते."

राणीच्या बागेचं मात्र तिला पटतं. २०१७ मध्ये तिथलं तिकीट मोठ्यांना ५ रुपयांवरून ५० झालं तेव्हा तिने आठवडाभर महापालिकेचा उद्धार केला. मग कळलं की आई-बाप आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर मिळून १०० रुपये. सुटं काढलं तर दीडशे होतात. तेव्हापासून ती म्हणते, "दोनच मुलं बरी, बघ." आम्ही भावंडं तीन आहोत.

पण आईचं खरं कसब आंब्यात. गुढीपाडव्याला ती बाजारात जाते आणि हापूसचा भाव विचारून परत येते. फक्त विचारून. "विचारायला काय पैसे पडतात?" पेटीतला एक आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, फळवाल्याकडे नुसतं बघायचं आणि आंबा परत ठेवायचा. 'रत्नागिरी' लिहिलेल्या खोक्यात कर्नाटकचा माल भरलेला तिला दोन हातांवरून कळतो. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी तिने कात्री लावून ठेवली आहे आणि फळवाल्यांना दाखवते. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी एक डझन घ्यावाच लागतो. तो नैवेद्याचा, त्यात घासाघीस नाही. पुढे मात्र ती टपून बसते. मेचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा, भाव रोज थोडा थोडा खाली. नातवंडं रसासाठी तळमळतात. बायको म्हणते, "आई, घेऊया ना आता." आई म्हणते, "अजून उतरेल." यात धोका एकच, पाऊस. पाऊस पडला की आंब्यात अळी, मग तो घरात यायचा नाही. शेअर बाजारातला माणूससुद्धा इतक्या ताणाखाली काम करत नसेल.

आणि त्या वर्षी हा सगळा खेळ १ जूनपर्यंत लांबला. गावी चुलतभावाची सात-आठ कलमं आहेत, शेवटचा आंबा झाडावर होता. तिकडे जाऊन फुकट खायचा तर मग इथे विकत कशाला, असं तिचं सरळ गणित. मी रोज हवामान खात्याचा नकाशा बघत होतो. पावसाने साथ दिली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळामुळे त्या वर्षी मोसमी पाऊस रखडला आणि रत्नागिरीत शिरायला ११ जून उजाडला. आम्ही दोन तारखेला गाडीत बसलो आणि दहाला परतीच्या. मधले आठ दिवस पोरांनी सकाळी रस, दुपारी रस, मधे चोखायला रायवळ असा रतीब लावला. आईने एकदाही वही काढली नाही.

परतताना भावाने पेटी बांधून दिली. कंडक्टरने आमचे चेहरे मोजले, पुन्हा अडीच तिकिटं फाडली, आईला शून्याचं दिलं आणि मग बोट पेटीकडे. "हिचं लगेज लागेल." आई उसळली. "मी फुकट आणि माझा आंबा विकत?" कंडक्टर शांतपणे म्हणाला, "आजी, आंब्याचं आधार कार्ड दाखवा." अख्खी गाडी हसली. पैसे अर्थातच मी दिले; फुल तिकीटवाला मीच.

माणगावच्या अलीकडे गाडी जेवायला थांबली. पोरांना कोकम सरबत हवं होतं. चार गिलास सांगितले, पैसे चुकते केले आणि बायकोला म्हणालो, "तुम्ही घ्या, माझा जरा घसा धरलाय." ती बिचारी काळजीने म्हणाली, "मग गरम पाणी घ्या." मी 'हो हो' करत हॉटेलच्या मागच्या बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसलो. मिसळ समोर आली, वर फरसाण, कडेला लालभडक तर्री. पहिला घास तोंडात घातला आणि पाठीमागून पदराची सळसळ ऐकू आली.

आई बाकड्यावर माझ्याशेजारी टेकली. माझ्या ताटलीकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. मग पोऱ्याला हाक मारून म्हणाली, "बाळा, मलापण एक घसा आण. आणि जरा वर घाल."